बरणीचं सांगितलं, डिकीचं नाही

अन्याय झाला तो डेबीवर. कधी, तेही सांगते. १९८४ सालच्या एप्रिलमधल्या तिसऱ्या बुधवारी, सकाळी सव्वादहाला, पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर. करणारी मी. वृंदा सोमण, तेव्हा वय एकवीस, कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीमची कॅचर. दोन्ही किडन्या बंद पडत आल्या होत्या, पण खोटं बोलण्याइतकी मी शुद्धीवर होते.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी आजारपणावर लिही, दुसऱ्यांना धीर येईल, असं मला सांगण्यात आलं. दुसऱ्यांना वाटण्याइतका धीर माझ्याकडे शिल्लक नाही. तीन वर्षं झाली, अजून दुपारी दोननंतर माझ्या अंगाचं ओलं पोतं होतं. पण जे झालं ते सांगू शकते. आणि त्याचा संबंध या अंकाच्या वाचकांशीच आहे, म्हणून दुसरीकडे कुठे न लिहिता इथेच लिहितेय.

न प्यायलेलं पाणी

कॅचर म्हणजे बॅट धरणारीच्या मागे उकिडवं बसून पिचरने टाकलेला चेंडू झेलणारी. एका मॅचमध्ये शंभरदा तरी बसायचं आणि उठायचं. शनिवारी लागोपाठ दोन मॅच. आई एकदाच पाहायला आली आणि परत जाताना गाडीत म्हणाली, "उकिडवं बसायला अमेरिकेत आलो का गं आपण?" बाबा हसले, मीही हसले. तो खेळ मला किती आवडायचा हे तिला नीट सांगणं कधी जमलं नाही. टीममधल्या बाकी आठ जणी माझ्याकडे तोंड करून उभ्या असायच्या. कोणी कुठे सरकायचं ते मी ओरडून सांगायचे आणि त्या सरकायच्या. दहाव्या वर्षी नाशिकहून आलेली, शाळेत डब्यावर हात धरून जेवणारी मुलगी मी. माझं ऐकणारी इतकी माणसं मला दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती.

मुलांच्या बेसबॉलच्या मैदानाशेजारी संडास, पाण्याचा नळ, शिवाय टीमचा स्वतःचा डॉक्टर. आमचं मैदान पार्किंग लॉटच्या पलीकडे, उतारावर. जवळचा संडास जिममध्ये, चालत सात मिनिटं. दोन मॅचच्या मधे वीस मिनिटं, त्यातच पट्ट्या बांधायच्या, सँडविच खायचं. म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही. सगळ्याच जणी तसं करायच्या, त्यामुळे कोणाला ते विचित्र वाटायचं नाही. मी त्यावर पत्रक लिहून जेवणाच्या हॉलमध्ये वाटलं होतं. 'मागणी विचाराधीन आहे' असं टाइप केलेलं उत्तर आलं. मुलींना कॉलेजात बरोबरीचा हक्क देणारा कायदा तेव्हा बारा वर्षांचा झाला होता.

डॉक्टर मुलांना. आम्हाला डेबी. ती शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होती, पुढे फिजिकल थेरपी शिकणार होती, म्हणून टीमची ट्रेनर म्हणून काम करायची. तिच्याकडे कॅनव्हासची एक बॅग, त्यात चिकटपट्ट्या, बर्फाच्या पिशव्या आणि एक प्लॅस्टिकची बरणी. बरणीत दुखणं थांबवणाऱ्या, सूज उतरवणाऱ्या गोळ्या. ती बरणी जिमच्या ऑफिसातून भरून मिळायची.

"दोन, विनी. जास्त मागू नकोस," ती म्हणायची. विनी म्हणजे मी. तळहातावर दोन ठेवायची आणि वहीत लिहायची.

डिकी

दुसरा पुरवठा घरून होता.

आम्ही पार्सिपनीत राहायचो, कॉलेजपासून अडीच तासांवर. तिथल्या मराठी घरांमध्ये डॉक्टर बरेच, पण औषधं द्यायचे बापटकाका. काका खरे भूल देणारे डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवायचं, नंतर उठवायचं. पण औषध कंपन्यांची माणसं हॉस्पिटलात सॅम्पलची पाकिटं टाकून जात, आणि ती वाया घालवणं काकांच्या जिवावर यायचं. मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या कॅफेटेरियात संपला, की बाहेर पार्किंगमध्ये त्यांच्या मरून गाडीची डिकी उघडायची आणि भोवती घोळका जमायचा.

"काका, पित्तावर काही?"

"आहे ना. जेवणाआधी घे. आणि जरा कमी जेव."

"सासूबाई पुढच्या आठवड्यात पुण्याला चालल्यात. बीपीचं दोन महिन्यांचं मिळेल?"

"घेऊन जा. कस्टमवाल्याने विचारलं तर म्हणावं, लिमलेटच्या गोळ्या आहेत."

आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला हेच काका आले होते. आईच्या अंगावर पातळ स्वेटर पाहून स्वतःचा कोट काढून दिला होता. हे मुद्दाम लिहितेय. काका वाईट माणूस नाही.

ज्युनियर, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत, हळदीकुंकवाच्या दिवशी, मी लंगडत डिकीपाशी गेले.

"काय गं पैलवान, गुडघा का?" त्यांनी दोन्ही हात भरून पाकिटं दिली, पिवळ्या कॅप्सुलांची. "संधिवाताचं आहे, एकदम नवीन. सकाळी एक, संध्याकाळी एक. संपल्या की आईला सांग."

मी ते डेबीला सांगितलं नाही. बाहेरचं औषध चालू असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणेपर्यंत बाकावर बसायचं, असा टीमचा नियम होता. आणि बरणीचं घरी सांगितलं नाही, कारण आईने खेळच बंद करायला लावला असता. इकडच्या दोन, तिकडच्या दोन. तीन महिने.

शनिवार ते मंगळवार

त्या शनिवारी एप्रिल असून जूनसारखं ऊन होतं. दुसऱ्या मॅचच्या पाचव्या इनिंगनंतर माझ्या डोळ्यांसमोर दोन पिचर दिसायला लागल्या. मॅच संपवली. जिममध्ये गेले तर लघवी कोऱ्या चहासारखी. फ्लश केलं आणि कोणाला बोलले नाही.

रविवारी पाय सुजले. होस्टेलच्या फोनवरून घरी लावला.

"थांब, काकांना विचारते," आई म्हणाली. आपल्यात असंच चालतं. घरचा डॉक्टर असताना परक्याकडे गेलं, तर त्यांच्यावर विश्वास नाही असा अर्थ होतो. दहा मिनिटांत तिचा परत फोन. "काका म्हणाले ऊन बाधलंय. पाय उशीवर ठेव. पाणी पी. आणि गुडघ्याची गोळी बंद करू नकोस."

काकांना मी समोर दिसत नव्हते. लघवीचा रंग मी आईला सांगितला नव्हता, आईने काकांना सांगितला नव्हता. रविवारी घेतली, सोमवारीही घेतली.

मंगळवारी बुटात पाय जाईना. डेबीने घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. ती खळग्याकडे बघत राहिली, मग बॅग तिथेच टाकून मला दंडाला धरून कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन गेली.

"तीन दिवस?" वाटेत ती ओरडत होती. "तीन दिवस गप्प बसलीस? मला बोलायला काय झालं होतं तुला?"

दवाखान्यातल्या नर्सने लघवीची बाटली उजेडात धरली आणि सरळ ॲम्ब्युलन्स मागवली. सायरन लावला नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. डेबी सोबत आली, माझ्या बुटांची जोडी मांडीवर घेऊन.

सव्वादहा

बुधवारी सकाळी काका सुट्टी टाकून आईला घेऊन आले, अडीच तास गाडी चालवून. आई कॉटपाशी उभी होती, काका खिडकीपाशी, हातात गाडीच्या किल्ल्या खुळखुळवत. 'फॅमिली फ्रेंड' अशी त्यांची ओळख आईने करून दिली. किडनीचे डॉक्टर पॅड घेऊन आले.

"काय काय औषधं घेत होतीस? सगळी सांग. ॲस्पिरीनसुद्धा."

मी खिडकीकडे पाहिलं. आई चादरीच्या सुरकुत्या काढत होती. अमेरिकन माणसासमोर ती हसते तसं हसत, मराठीत म्हणाली, "काकांचं नाव घेऊ नकोस हं. लायसन्स जाईल त्यांचं."

"टीमची ट्रेनर गोळ्या देते," मी म्हणाले. "बरणीतून."

"रोज किती?"

"ती मोजत नाही."

किल्ल्यांचा आवाज थांबला होता. डॉक्टरांनी लिहून घेतलं. डेबी मोजायची. प्रत्येक वेळी मोजायची.

हॉस्पिटलातलं पत्रक

अकरा दिवस होते. सकाळी सहाला रक्त. सातला वजन, कारण अंगात साठलेलं पाणी वजनावरून कळतं. दिवसभरात प्यायला मोजकं पाणी, आणि लघवी मापाच्या भांड्यात. एक वयस्कर नर्स भांड्यातला आकडा वाढला की दारातूनच ओरडून सांगायची, जसं काही मी होम रन मारलाय. तेवढी एक गंमत. बाकी छताकडे बघायचं. बाबा शनिवार-रविवार यायचे, खुर्ची ओढून वर्तमानपत्र धरायचे आणि पान उलटायचे नाहीत.

मला संताप आला होता, आणि तो कॉलेजवर काढणं सोपं होतं. कॉटवर बसून पत्रक लिहिलं. मैदानाला नळ नाही, संडास नाही, डॉक्टर नाही, आहे ती एक बरणी, असं. टीममधल्या मुलींनी त्याच्या प्रती काढून कॅम्पसभर वाटल्या. एक शब्दही खोटा नव्हता. डिकीबद्दल मात्र एक शब्दही नव्हता.

यावेळी कॉलेजने आठवड्यात हालचाल केली. बरणी बंद केली आणि डेबीला काढलं. फिजिकल थेरपीच्या कॉलेजसाठी तिला मिळणार होतं ते शिफारसपत्र अडवलं. तिची वही कोणी उघडून पाहिली नाही. नळ झाला नाही, संडास झाला नाही, डॉक्टर मिळाला नाही. मी मोठ्यांवर नेम धरला होता आणि लागला तो सगळ्यात खाली उभ्या असलेल्या मुलीला. मला हे टीममधल्या एकीने फोनवर सांगितलं. मी म्हणाले, "अरेरे." बस, इतकंच म्हणाले.

पुन्हा

किडन्या थोड्या सावरल्या, मला घरी पाठवलं. "त्या गोळ्या पुन्हा घेऊ नकोस," डॉक्टर म्हणाले. त्यांना माहीत होती ती एकच गोळी.

मे महिन्यात गुडघा ठणकायला लागला. मी जिना बसून उतरायचे. आईला ते बघवेना. तिने ओट्यावरच्या कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. काकांकडून आलेली सगळी पाकिटं ती त्यात ठेवायची. त्यातली पिवळी कॅप्सूल पाण्यासोबत पुढे केली.

"ही त्यातली नव्हे. ही काकांची आहे. संधिवाताची."

मी घेतली. तिलाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, की दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या. नऊ दिवसांत पुन्हा हॉस्पिटल, या वेळी घराजवळचं. आणि आता डायलिसिस, मानेत घातलेल्या नळीतून. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास.

नवीन डॉक्टरणीने तोच प्रश्न विचारला आणि मी म्हणाले, काही नाही घेतलं. तोपर्यंत मनात पाल चुकचुकली होती. तरी म्हणाले. मग कारण कळेना म्हणून त्यांनी मला पालथं झोपवून पाठीतून सुई घातली आणि किडनीचा कण काढून तपासायला पाठवला. कारण आईच्या स्वयंपाकघरात, बिस्किटांच्या डब्यात होतं.

मिसेस रुसो

डायलिसिसच्या शेजारच्या खुर्चीत मिसेस रुसो असायच्या. सत्तरीच्या, पॅटरसनच्या, तरुणपणी कापडाच्या गिरणीत कामाला. गिरणीच्या बायकांची सॉफ्टबॉलची टीम होती आणि त्या शॉर्टस्टॉप, म्हणजे मधल्या फळीत चेंडू अडवणाऱ्या होत्या. दिवसाला पाण्याचा एवढासा कोटा कसा पुरवायचा ते त्यांनीच शिकवलं. "बर्फाचा खडा चावू नको, वेडे. गालात धर आणि विसरून जा." त्या अडीच महिन्यांत मला इतकं उपयोगी दुसरं कोणी काही सांगितलं नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "तुला हे झालं कशानं?" मशीन चालू होतं, उठून जाता येत नव्हतं. मी सगळं सांगितलं. बरणी, डिकी, डबा. किती हलकं वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही, फक्त दमले.

"आणि ती मुलगी?" त्या म्हणाल्या. "ट्रेनर. ती कुठाय आता?"

"माहीत नाही."

"हं." त्यांनी बर्फाचा खडा दुसऱ्या गालात सरकवला. मग मान पलीकडे वळवून डोळे मिटले.

पुढच्या फेरीला मी आईला सांगून तो डबा सोबत आणवला. आईने विचारलं, "कशाला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "काकांना काय वाटेल?" मी म्हणाले, "आई, माझ्या मानेत नळी आहे." तिने डबा आणला, गाडीतून उतरेपर्यंत छातीशी धरून. डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावर ओतला. सत्तेचाळीस पाकिटं निघाली. पिवळं पाकीट उचलून त्यांनी आईला विचारलं, "हे कधीपासून?"

"जानेवारीपासून," आई म्हणाली, आणि मग इंग्रजी संपल्यासारखी खाली बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. नंतर ठेवला, पण तेव्हा नाही.

बाबा केमिस्ट आहेत. त्या संध्याकाळी त्यांनी पिवळ्या पाकिटातला घडी घातलेला कागद पहिल्यांदा उलगडला आणि भिंग घेऊन वाचला. त्यात सगळं लिहिलं होतं. किडनी, पाणी, दुसरं दुखण्याचं औषध सोबत नको, सगळं.

काका

काका आले ते काकूंनी केलेली अळणी खिचडी घेऊन. बराच वेळ डब्याचं झाकण उघडत-लावत बसले.

"त्या ट्रेनरच्या गोळ्यांचं मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत?"

"अगं, पण मी त्या बुधवारी खोलीत होतो..." आणि वाक्य अर्धवट राहिलं. खोलीत ते होते हे आम्हा दोघांनाही आठवत होतं.

त्यांनी डिकी बंद केली. दोन महिने. मग लोकच म्हणायला लागले, काका, आता काय आम्ही नको झालो? आणि दसऱ्याला ती पुन्हा उघडली. काका नाही म्हणू शकत नाहीत. मागणारेही थांबत नाहीत.

नंतर

ऑगस्टमध्ये डायलिसिस सुटलं. किडन्या परत आल्या त्या अर्ध्याच. मीठ कमी, डाळ मोजून, तीन महिन्यांनी रक्त. सीनियर वर्षी टीम खेळली आणि मी बाकावर बसून स्कोअर लिहिला. ग्रॅज्युएट झाल्यावर सगळ्याच जणींचा खेळ सुटतो. बायकांना पुढे खेळायला आहे काय? आमची पिचर इन्शुरन्स विकते. माझा खेळ फक्त लवकर सुटला, इतकंच मी स्वतःला सांगते, आणि ते पूर्ण खरं नाही.

आता न्यूअर्कमध्ये भाडेकरूंच्या संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते. दुपारी टेबलाखाली सतरंजी टाकून वीस मिनिटं झोपते. रविवारी गावातल्या दहा वर्षांच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. मला उकिडवं बसता येत नाही, उभ्यानेच सांगते. दर इनिंगला त्यांना पाणी प्यायला लावते. कंटाळतात बिचाऱ्या.

कॉलेजला खरं काय ते पत्र लिहून कळवलं, दोनदा. उत्तर नाही. डेबीलाही लिहिलं. तिची दोन ओळींचीही चिठ्ठी आली नाही. दीड महिन्याने एका संध्याकाळी फोन वाजला. ती ओहायोत, एका बुटांच्या दुकानात काम करते. थेरपीचं कॉलेज झालं नाही. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "वाचलं मी, विनी. वाचलंय." मग विचारलं, "गुडघा कसा आहे?"

आजारी पडल्यापासून इतक्या डॉक्टरांत, इतक्या महिन्यांत, गुडघ्याचं कोणी विचारलं नव्हतं.

हे लिहून झाल्यावर बापटकाकांना वाचून दाखवलं. म्हटलं, नाव बदलते हवं तर. ते चष्मा पुसत म्हणाले, "राहू दे. फक्त भुलीचा डॉक्टर आहे हे ठळक लिही. गुडघ्यातलं मला काय कळतं, हे कळू दे लोकांना." म्हणून नाव आहे तसंच ठेवलंय.

आता तुम्ही. तुमच्या घरात तो डबा आहे. बिस्किटांचा असेल, आइस्क्रीमचा असेल, कपाटात वरच्या फळीवर असेल. आज जेवायच्या आधी तो खाली काढा, टेबलावर ओता आणि आतले कागद उलगडून वाचा. आणि यापुढे डॉक्टरने विचारलं, काय काय घेता, की सगळं सांगा. ज्याने मूठभर दिल्या त्याचं नाव आधी घ्या, मग जिने मोजून दिल्या तिचं.